पाण्यात पाहणारी

भिंगाखालच्या काचेच्या कडेला हवेचा एक बुडबुडा अडकला होता आणि त्याच्या काठाकाठानं ती सरकत होती – अंग आखडत, ताणत, पुन्हा आखडत... मग थांबली, शेपटीची चिमटी काचेला रोवली आणि तोंडावरची दोन चाकं उघडली. चाकं फिरू लागली. खरं म्हणजे ती फिरत नाहीत. बारीक केसांची एक लाट गोल धावत राहते आणि पाहणाऱ्याला चाक दिसतं. हे पक्कं ठाऊक असूनही सत्यभामेला दर वेळी चाकच दिसत आलं होतं आणि दर वेळी बरं वाटत आलं होतं. आज वाटलं नाही. आज तिला वाटलं, ही बया नुसती खात सुटली आहे, हिला दुसरा धंदा नाही.

पुस्तकात तिचं नाव रोटिफर. विभागप्रमुखांनी तिला ‘चक्रमुखी सूक्ष्मजीव’ म्हणावं असं सुचवलं होतं, आणि ते सुचवताना टेबलावरचा पेपर असा काही दोन बोटांनी उचलला होता की जणू तो कुणीतरी उष्टा करून ठेवलाय. पेपरात सत्यभामेचं सदर यायचं – ‘थेंबातली वस्ती’, आणि रेडिओवरही ती तेच बोलायची. त्यात तिनं त्या प्राण्याला ‘रहाटी’ म्हटलं होतं. रहाटासारखी फिरते ती रहाटी. सर म्हणाले, संशोधन सोडून तुम्ही या रेडिओच्या नादाला लागलात, आता निदान शब्द तरी शास्त्रशुद्ध ठेवा. ती म्हणाली, लोकांना कळेल तोच शब्द शुद्ध. सर हसले. त्यांचं ते हसणं तिनं अजून जपून ठेवलंय, एखाद्या नमुन्यासारखं, फॉर्मॅलिनमध्ये घालून... आणि त्या हसण्याला उत्तर म्हणूनच नंतर मोहबोडीच्या शाळेत ती तो दुसरा शब्द बोलून गेली होती का? छे. त्या शब्दाचा आणि सरांचा काय संबंध. लोकांचा शब्द होता, लोकांमध्ये वापरला.

रहाट्यांच्या या जातीत नर नसतोच. माद्या, माद्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी. तळं आटलं की सुकून धुळीच्या कणाएवढ्या होतात, वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि पाण्याचा थेंब मिळाला की पुन्हा चाकं उघडतात, काही झालंच नाही अशा थाटात. साकोलीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा लग्नाचं विचारणाऱ्या प्रत्येकीला ती हेच ऐकवायची. पुढं पुढं कुणी विचारीनासं झालं. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं.

“मॅडम,” शिपाई दारात उभा होता आणि नाक दाबल्यासारखा बोलत होता, “ती मच्छीवाली आली. तुमालेच भेटाचं म्हनते.”

ती म्हणजे बेबीबाई. मोहबोडीची, सत्यभामेच्याच गावची, सुखराम मासेमाराची बायको. एके काळी दोघी एकाच तरटावर बसून पाढे म्हणायच्या. चौथीनंतर बेबी टोपलं घेऊन आईच्या मागं बाजारात जाऊ लागली आणि सत्यभामा भंडाऱ्याला मामाकडं शिकायला गेली. बेबीबाई प्रयोगशाळेत शिरली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, टोपलं कमरेला लावून, तिथूनच बाटल्यांच्या रांगा न्याहाळत राहिली. बाटल्यांमधलं पाणी मोहबोडीच्या मोठ्या तलावाचं होतं. ते तिनं ओळखलं असेल का... पाणी कसं ओळखणार, पण तिची नजर त्या बाटल्यांवर अशी खिळली होती की जणू आपल्या घरचं भांडं दुसऱ्याच्या फळीवर दिसलंय.

“तुमाले येक काम सांगाले आली,” बेबीबाई म्हणाली. “आज बाजार हाय. संध्याकारी बाजारात या.”

“कशासाठी?”

“कशासाठी म्हन्जे? तुमीच सांगतलं ना शाळेत, का तलावात किडे हायत. तवापासून कोनी माह्या टोपल्याकडं पाहून नाई राहिला. सुखराम रोज जाळं टाकते, मी रोज टोपलं भरतो, अन् तसंच वापस नेतो. आमच्या मोहल्ल्यातल्या साऱ्याच बायांचं तसंच.”

“मी तसं म्हटलं नव्हतं,” सत्यभामा म्हणाली. गावच्या माणसाशीही ती पुस्तकी मराठीतच बोलायची. गावची बोली तिनं शिकायला गेली तेव्हाच पेटीत घालून कुलूप लावलं होतं. “मी सांगितलं की ते प्रत्येक पाण्यात असतात. विहिरीत असतात, सरपंच भय्याजींच्या हौदात असतात, देवाच्या तांब्यातही असतात.”

“देवाच्या तांब्याले कोन किडे पडले म्हनन? मच्छीलेच म्हनते.”

“मग मी पुन्हा येऊन समजावून सांगते.”

“नोको,” बेबीबाई घाईघाईनं म्हणाली. “समजावू नोका. मांगच्या खेपेले समजावलं तवा आनखी बिघडलं. मी घरून रस्सा शिजवून आनतो. तुमी बाजारात साऱ्यासमोर खाऊन दाखवा. येक घास. बस.”

“मी मासे खात नाही. तुला माहीत आहे.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. “म्हनूनच तं.”

आणि उत्तराची वाट न बघता गेली. वास मात्र राहिला. शिपायानं खिडकी उघडली, मग दुसरी उघडली, आणि वर सत्यभामेकडं पाहून हसला, जणू या बाबतीत आपण दोघं एका बाजूचे. तिला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा बेबीबाईचाही आला नव्हता.

...माझ्या ज्ञानाला माझ्या पोटाची साक्ष लागावी? मी सांगते ते खरं की नाही हे मी गिळते काय त्यावर ठरणार? उद्या म्हणतील, मॅडम, साप बिनविषारी म्हणता ना, मग चावून घ्या. एका एका थेंबापाशी बसून बसून माझी मान आखडली, मोहबोडीच्या तलावातल्या रहाट्यांच्या जाती मी पहिल्यांदा मोजल्या, कुठल्या कुठल्या देशांतून माझ्या लेखाच्या प्रती मागवणारी कार्डं आली. आणि इथं माझी किंमत काय, तर एक घास.

दुपारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. पोरं भिंगाला डोळा लावायची आणि दुसरा डोळा गच्च मिटून घ्यायची. चेहरे वेडेवाकडे व्हायचे, गालाची सुरकुती कपाळापर्यंत जायची. ती टेबलांमधून फिरत होती आणि एकेकाच्या पाठीशी थांबून तेच सांगत होती – दुसरा डोळा मिटायचा नाही. दोन्ही उघडे ठेवा. एका डोळ्यानं थेंब पाहा, दुसऱ्यानं जग दिसत असू द्या, थोड्या दिवसांत मन आपोआप नको ते गाळायला शिकतं. ज्याला दुसरा डोळा मिटावा लागतो तो अजून पाहायला शिकलेला नाही. हे वाक्य ती दर वर्षी म्हणायची आणि ते आपल्याला किती शोभतं हेही तिला माहीत होतं. पोरं उघडे डोळे ताणत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आईनंही दुसरा डोळा मिटला होता.

ते साल चौऱ्याहत्तर. नागपूरला विद्यापीठात शिकत असताना सुट्टीत घरी येताना तिनं विभागाचं जुनं सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन यष्टीतून आणलं होतं. आईनं, शकुंतलाबाईंनी, पंथाचा उपदेश घेतलेला, जीवहत्या वर्ज्य. घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय चुलीवर चढत नसे, फडकं झटकायचं तेही विहिरीच्या काठावर, हलक्या हातानं, म्हणजे अडकलेला जीव पुन्हा पाण्यात जावा. लहानपणी शाळेतून आली की आई अंगणातच हात हुंगायची. “त्या बेबीच्या बाजूले बसली होतीस? वास येऊन राहिला.” मग पायरीवर उभं राहून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच घरात यायचं. तर त्या सुट्टीत सत्यभामेनं आईच्या गाळलेल्या घागरीतून एक थेंब घेतला, काचेवर ठेवला, आरसा उन्हाकडं फिरवला आणि म्हणाली, पाहा. आई वाकली. डावा डोळा मिटून उजव्यानं किती तरी वेळ पाहत राहिली. गाळलेल्या पाण्यातही ते होते, पळत होते, एकमेकांना खात होते. सत्यभामा शेजारी उभी होती आणि तिच्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या... कसला आनंद होता तो? आईला एक अद्भुत दाखवल्याचा? की कोपरापर्यंत धुतलेल्या त्या सगळ्या हातांचा हिशेब चुकता केल्याचा? ती तेव्हा हसली होती, एवढं नक्की. आई सरळ झाली, डोळा चोळला आणि म्हणाली, “दिसत नव्हते तवा पाप नव्हतं. आता तू दाखवलंस.”

त्या दिवसापासून आईनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. सत्यभामेनं तांब्या पुढं केला की आईला नेमकं काहीतरी काम निघायचं. गेली तेव्हाही तिनं शेवटचा घोट सुनेच्या हातचा घेतला, आणि सत्यभामा उशाशी बसून होती. सुशिक्षित लेकीचा असा पाणउतारा साऱ्या गावानं पाहिला. त्यांना कारण माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची कारणं तयार केली.

पाणउतारा. पाणी पाजणं. तोंडचं पाणी पळवणं. पाण्यात पाहणं. या भाषेत माणसाला माणसाचं वाईट करायचं असलं की आधी पाणी लागतं, ही गंमत तिनं एकदा सदरात लिहायला घेतली होती आणि शेवटच्या शब्दापाशी थांबली होती. पाण्यात पाहणं हाच तर तिचा पोटापाण्याचा धंदा. ‘डॉक्टर सत्यभामा आम्हां सर्वांना पाण्यात पाहतात’ असं निरोपसमारंभात कुणी शिक्षक विनोद म्हणून बोलला असता तर लोक हसले असते, आणि ते अक्षरशः खरं ठरलं असतं, दोन्ही अर्थांनी. लेख तिनं फाडून टाकला.

“मॅडम, हा किडा मेला वाटते,” मागच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली.

“किडा म्हणू नका,” सत्यभामा ताडकन बोलली. सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. मुलीचा चेहरा उतरला. तिला काय माहीत, की सगळं घोडं याच शब्दाशी पेंड खात होतं.

तेव्हा यंदाचा पोळा नुकताच होऊन गेला होता. मोहबोडीचे सरपंच भय्याजी स्वतः जीप घेऊन साकोलीला आले होते. धोतराला डाग नाही, बोलण्याला काटा नाही. म्हणाले, मॅडम, तुमी आमच्या गावची शान, रेडिओवर साऱ्या जगाले सांगता, येकदा गावालेही दाखवा. शाळेच्या पडवीत टेबल लागलं. पोरं, बाप्ये, बाया, सगळी रांग. पाणी हवं म्हणून ती जवळच तलावाच्या काठावर गेली आणि तिथं सुखरामचा डोंगा बांधलेला होता, त्याच्या शेजारून तिनं बाटली भरली. विहिरीतून भरली असती तरी चाललं असतं. पण तलावातल्या पाण्यात रहाट्या भरपूर मिळतात, दाखवायला शोभा येते. आणि बोलायला उभी राहिली तेव्हा ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द ओठांवर आला, त्याच्या मागोमाग सरांचा तो हसरा चेहरा आला... आणि ती म्हणाली, “या पाण्यात बारीक बारीक किडे आहेत.”

लोकांचा शब्द. पडवीत एकदम शांतता पसरली. ही आपल्या सोप्या भाषेची पावती असं तिला वाटलं. पण ती याच गावात वाढलेली होती! किडे कशाला पडतात हे तिला ठाऊक नव्हतं? किडे पडतात सडलेल्या जखमेला, भिजलेल्या तुरीला. दोन बाया नळावर भांडल्या की शेवटची शिवी कुठली असते – तुह्या तोंडात किडे पडो. या मुलखात ज्याला किडे पडले ते संपलं, ते फेकून द्यायचं, त्याच्यावर राख टाकायची. हे तिनं पेटीत घालून कुलूप लावलेल्या त्याच बोलीत लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं, आणि नेमका तोच एक शब्द पेटीतून काढून तिनं भर गावात ठेवला.

मग बाजारात मोहबोडीची मच्छी कुणी घेईना. तक्रार कानावर आली तेव्हा ती पुन्हा गेली, समजावायला. फळ्यावर चित्र काढून दाखवलं – या रहाट्या नसतील तर माशांची पिल्लं जगणारच नाहीत, पिल्लं यांनाच खाऊन मोठी होतात. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून साकोलीपर्यंत बोललं जाऊ लागलं की मोहबोडीची मच्छी किड्यावर पोसली हाय, खुद्द मॅडमनं चित्र काढून सांगतलं. आणि भय्याजी भेटेल त्याला हात जोडून म्हणत, “आमचं काई म्हननं नाई जी. पन येवढी शिकलेली बाई खोटं कायले बोलन?” तलाव मच्छी सोसायटीकडून काढून बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं त्यांच्या मनात होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नव्हतं ते फक्त तिला. तिला वाटलं होतं, जीप आपल्यासाठी आली.

संध्याकाळी ती बाजारात निघाली तेव्हाही तिनं ठरवलं नव्हतं. हायवेवरून रायपूरकडं जाणारे ट्रक धूळ उडवत होते, स्टँडवर गोंदियाची यष्टी घरघरत उभी होती, धान कापायला आलेल्या बाया विळे कमरेला खोचून मीठ-तेल घेत होत्या. मी फक्त बघायला चालले आहे, ती स्वतःला सांगत होती. मला कुणी धरून नेलेलं नाही. मी तिथं उभी राहून चार वाक्यं शांतपणे बोलेन, मग त्यांचं ते जाणोत...

मासेवाल्या बायांची ओळ बाजाराच्या टोकाला, कोंबड्यांच्या पलीकडं. पवनीकडच्या बाया वैनगंगेची मच्छी घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यापुढं गिऱ्हाईक वाकलेलं. मोहबोडीच्या बायांपुढं माश्या. बेबीबाईनं तिला पाहिलं आणि उठून उभी राहिली. नवरा सुखराम टोपल्यांच्या मागं उकिडवा बसला होता, तो उठला नाही, त्यानं नुसती मान खाली घातली. बेबीबाईनं ओरडून कुणाला बोलावलं नाही. गरजच पडली नाही. मॅडम मच्छीच्या ओळीत आली एवढ्यावरच माणसं गोळा झाली. आणि कापडाच्या दुकानाशी भय्याजी होते, तेही दोन पावलं पुढं येऊन हात जोडून उभे राहिले.

“लोकहो,” सत्यभामा म्हणाली, आणि रेडिओवरचा आपला आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “मी जे दाखवलं होतं त्याचा चुकीचा अर्थ –”

“मॅडम,” बेबीबाई हळूच म्हणाली, “बोलू नोका.”

तिनं डबा उघडला. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात मरळीचे दोन तुकडे, आणि शेजारच्या ताटलीत भाताची मूद. भात चांगल्या धानाचा होता, घरी सणाला काढतात तसा. वास आला. तो कच्चा वास नव्हता, प्रयोगशाळेत राहिला होता तो नव्हता. लसणाचा, जवसाचा, कशातरी आंबट गोष्टीचा होता. सत्यभामेनं हात पुढं केला. कोपरापर्यंत धुतलेला हात. भोवती सगळे डोळे... पोरांचे, बायांचे, भय्याजींचे, आणि कुणीही एक डोळा मिटलेला नव्हता. त्या गोल घेऱ्याच्या मधोमध उभी असताना तिला काचेच्या कडेचा तो बुडबुडा आठवला, आणि आपण कुठल्या बाजूनं सरकावं ते तिला कळेना.

तिनं भात कालवला. तुकडा मोडला. काटा कसा काढायचा हे तिला माहीत नव्हतं. बेबीबाईनं न विचारता तिच्याच बोटांतून तो तुकडा घेतला, काटा काढला आणि परत दिला. तिनं घास तोंडात घातला.

चावला. गिळला.

तिला वाटलं, झालं. आपण केलं. तिनं मान वर केली तेव्हा समोरची एक बाई, हातात वांग्यांची पिशवी घेतलेली, शेजारणीला म्हणत होती, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

“डोरे मिटून खाल्लं वो.”

“हो ना. गच्च मिटले होते.”

कुणीतरी हसलं. भय्याजी हसले नाहीत. ते नम्रपणे म्हणाले, “जाऊ द्या, मॅडमले सवय नाई जी,” आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. घेरा सैल झाला. माणसं पवनीवाल्यांच्या टोपल्यांकडं वळली, मुलं कुल्फीच्या गाडीकडं पळाली, आणि मोहबोडीच्या टोपल्यांवर माश्या पुन्हा येऊन बसल्या. सुखराम उठला आणि ओलं पोतं मच्छीवर पसरू लागला.

बेबीबाईनं डब्याचं झाकण लावलं. दाबून लावलं. मग सत्यभामेकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून मॅडम गेलं, तुमी गेलं, शाळेच्या तरटावरचं तेच जुनं संबोधन आलं.

“डोरे काहून मिटले तुनं?”

सत्यभामेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. “मी... मले –” एवढंच बाहेर पडलं, आणि तेही त्या कुलूप लावलेल्या पेटीतलं.

“जा आता,” बेबीबाई म्हणाली. “हात धुवून घे. वास येईन.”

परतताना ती भराभर चालत होती. राग यायला हवा होता आणि तो कुणावर धरावा हे ती मनात चाचपत होती. भय्याजींवर धरून पाहिला, टिकला नाही. वांग्यांच्या पिशवीवाल्या बाईवर धरला, सरांवर धरला, मेलेल्या आईवर धरला. नेहमी हा राग कसा हाताशी असायचा; कुठंही जाऊन उभं राहिलं तरी पायाखाली लागायचा. डोळे काहून मिटले? किळस आली म्हणून. उत्तर सोपं आहे, ती स्वतःला म्हणाली. किळस आली, माणूस आहे, जन्माची सवय आहे. पण ते खरं नव्हतं. पहिल्या क्षणी किळस आली होती, ओठांपाशी. जिभेवर घास पडला तेव्हा ती नव्हती. तेव्हा दुसरंच काही होतं. आंबाडीची असावी ती आंबट चव, मागून लसूण, आणि मऊ, जवळजवळ गोड असं काहीतरी, जे तिनं आयुष्यात कधी चाखलं नव्हतं आणि तरी ज्याची तिला कुठून तरी ओळख होती... तरटावर शेजारी बसलेल्या मुलीच्या हातांना जो वास यायचा, आणि अंगणात पोचायच्या आत जो ती आपल्याच हातांवर एकदा चोरून हुंगून घ्यायची, तो. डोळे मिटले ते तिथं. आणि ते बाहेरून सगळ्यांना सारखंच दिसलं.

हे परत जाऊन सांगावं का? बेबीबाईसमोर उभं राहून? ती म्हणेल, समजावू नोको. आणि तिचं बरोबर असेल. तिच्या टोपल्यातली मच्छी आजही परत जाणार आणि पुढच्या बाजारालाही, मला चव आवडली किंवा नाही आवडली म्हणून त्यात काय फरक पडतो. उलट आता तर साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

खोलीवर आल्यावर ती सवयीनं अंगणातल्या नळाशी गेली. नळ सोडला. हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. बोटांच्या पेरांत तेलकट तांबडेपणा राहिला होता. पाणी खालच्या दगडावर पडत राहिलं, वाहून मोरीकडं जाऊ लागलं, अंधारून येत होतं तरी ते स्वच्छ दिसत होतं, त्यात काहीही नाही असं दिसत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता आणि त्यावर कुणी तज्ज्ञ धानावरच्या रोगाबद्दल शुद्ध मराठीत बोलत होते. तिनं नळ बंद केला. चूळ भरायची होती, भरली नाही. तोंडातली चव आणखी थोडा वेळ राहावी असं तिला वाटत होतं, आणि हे ज्या एका बाईला सांगायचं तिला कळेल असा शब्द तिच्याजवळ नव्हता.